स्वतःच्या हाताने लिहिलेलं
(फ्रेडरिक डग्लस : १८१८ - १८९५)

आधी एक कबुली. मराठी विभागासाठी मी दर वर्षी कविता देतो आणि संपादक मंडळ ती दर वर्षी प्रेमाने परत करतं. म्हणून यंदा कविता नाही, एका माणसाची गोष्ट आहे. ती तरी छापा!

त्याचं झालं असं, की ११ एप्रिलला हॉस्टेलवर महात्मा फुले जयंतीचा कार्यक्रम होता आणि पाच मिनिटं बोलायला मला उभं केलं. माझं वक्तृत्व वगैरे कारण नव्हतं. बाकी सगळे घरी पळाले होते आणि माझी एम-थ्रीची केटी असल्याने मी रूमवर होतो, एवढंच. भाषणासाठी लायब्ररीतून 'गुलामगिरी' आणलं आणि गाडी पहिल्याच पानावर अडली. १८७३ साली आपल्या पुण्यात लिहिलेलं हे पुस्तक जोतीरावांनी अर्पण केलंय ते अमेरिकेतल्या लोकांना! कशासाठी, तर त्यांनी तिथल्या गुलामांना दास्यातून मोकळं केलं म्हणून. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली डिसेंबर १८६५ मध्ये. म्हणजे जेमतेम आठ वर्षांत ती गोष्ट पुण्यातल्या एका माणसाला इतकी जवळची झाली होती. मला मात्र त्याबद्दल अब्राहम लिंकन या दोन शब्दांपलीकडे काही माहीत नव्हतं.

भाषण कसंबसं झालं. पण डोक्यात किडा राहिला. लिंकनने सही केली हे ठीक, पण त्या आधी उत्तरेकडच्या गोऱ्या लोकांना हे कळलं कुठून, की दक्षिणेतल्या मळ्यांवर नेमकं काय चालतं? मळेवाले तर सांगत, आमचे गुलाम खाऊन-पिऊन सुखी आहेत. शोधता शोधता फ्रेडरिक डग्लसच्या आत्मचरित्रापाशी पोचलो. १८४५ चं पुस्तक, जेमतेम सव्वाशे पानं. एका पानावर दोन-दोन पानं अशी झेरॉक्स काढली आणि एम-थ्री सोडून तेच वाचत बसलो. (केटी निघाली. घरच्यांनी काळजी करू नये.)

मी त्याला 'तो' म्हणतोय, 'ते' नाही. पळाला तेव्हा तो वीस वर्षांचा होता, आपल्या टी.ई.च्या पोराएवढा. अहो-जाहो करायला जीभच वळत नाही.

त्याचं जन्मनाव फ्रेडरिक बेली. मेरीलँड राज्यातल्या टॅल्बट परगण्यात जन्मला. जन्मतारीख माहीत नाही. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर तो हे सांगतो, की गोऱ्या मुलांना आपलं वय माहीत असायचं, मला नव्हतं, आणि मालकाला विचारायचीही सोय नव्हती. बाप कोण तेही माहीत नाही. गोरा होता एवढं नक्की, आणि तो मालकच असावा अशी कुजबुज होती. आई हॅरिएट दुसऱ्या शेतावर कामाला होती. दिवसभर राबून रात्री बारा मैल चालत यायची, पोराला कुशीत घेऊन झोपवायची आणि पहाटे कामावर हजर व्हायला परत निघायची. त्याला ती उजेडात पाहिल्याचं आठवतच नाही. तो सात वर्षांचा असताना ती गेली. तो लिहितो, की एखाद्या परक्या बाईच्या मरणाची बातमी ऐकावी तसं वाटलं. हे वाक्य वाचल्यावर मी रात्री साडेअकराला घरी फोन लावला. आई घाबरली, म्हणाली पैसे संपले का रे?

१८२६ साली त्याला बाल्टिमोर शहरात ह्यू ऑल्ड नावाच्या माणसाकडे पाठवलं. काम काय, तर ऑल्डच्या लहान मुलाला सांभाळायचं. ऑल्डची बायको सोफिया हिने आधी कधी गुलाम ठेवलेला नव्हता, त्यामुळे गुलामाशी कसं वागायचं हे तिला ठाऊकच नव्हतं. ती त्याला एबीसीडी शिकवायला लागली. तीन-चार अक्षरांचे शब्द यायला लागले तेव्हा ह्यूला कळलं आणि त्याने तिथेच थांबवलं. हा वाचायला शिकला की गुलाम म्हणून निकामी झालाच समजा, असं त्याने बायकोला समोरच समजावलं. पोरगं ऐकत होतं. मालकाला ज्याची एवढी भीती वाटते ते आपल्याला मिळवलंच पाहिजे, हे त्याने त्या क्षणी ठरवलं. गंमत बघा, त्याच्या शिक्षणाला सगळ्यात मोठी मदत झाली ती ह्यू ऑल्डच्या त्या लेक्चरची!

पुढचं शिक्षण रस्त्यावर. निरोप पोचवायला बाहेर पाठवलं की तो खिशात पाव घेऊन जायचा. गल्लीतली गोरी पोरं गरीब होती, भुकेली होती. त्यांना पाव द्यायचा आणि त्यांच्याकडून एक धडा घ्यायचा. लिहायला शिकला तो जहाजांच्या कारखान्यात. सुतार लाकूड तासून झालं की ते कुठे बसवायचं ते त्यावर अक्षराने लिहायचे. एल म्हणजे डावी बाजू, एस म्हणजे उजवी, एफ पुढची, ए मागची. आपल्या वर्कशॉपमध्ये असेंब्लीच्या आधी पार्टवर मार्किंग करतो, तसंच. ही चार अक्षरं तो गिरवायला शिकला आणि मग भेटेल त्या पोराला आव्हान द्यायचा, की मला तुझ्याइतकं लिहिता येतं. पोरगं चिडून आणखी अक्षरं लिहून दाखवायचं. झाला धडा! वही म्हणजे भिंत, कुंपण, फरसबंदी. पेन म्हणजे खडू. घरी ऑल्डच्या मुलाच्या भरून झालेल्या वह्यांमधल्या कोऱ्या जागेत तो अक्षर घोटायचा. बाराव्या वर्षाच्या आसपास पन्नास सेंट देऊन भाषणांचं एक पुस्तक विकत घेतलं आणि ते वाचून वाचून झिजवलं.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या नंतर लक्षात आली. पुस्तकात मालकांची, मुकादमांची नावं ठळक आहेत, गावासकट. पण पावाच्या बदल्यात शिकवणाऱ्या त्या पोरांची नावं तो देत नाही. ती आता मोठी झाली असतील, गुलामाला शिकवलं म्हणून गावात त्यांना त्रास होईल, म्हणून. ही नावांची भानगड पुढे फार महत्त्वाची आहे, लक्षात ठेवा.

सोळाव्या वर्षी, म्हणजे १८३४ मध्ये, त्याला एडवर्ड कव्ही नावाच्या शेतकऱ्याकडे वर्षभरासाठी दिलं. कव्हीची ख्याती अशी, की खोडाला बांधून बैल वठणीवर आणावा तसा तो गुलामांना वठणीवर आणायचा. लोक त्याला आपले गुलाम स्वस्तात वापरायला देत, वर्षाने मऊ करून परत घेत. पहिले सहा महिने आठवड्याला मार. पोरगं खरोखर मोडलं. वाचायची इच्छासुद्धा गेली, असं तो लिहितो. मग ऑगस्टमध्ये एका सकाळी कव्ही तबेल्यात दोरी घेऊन बांधायला आला आणि फ्रेडरिकने त्याचा गळा धरला. जवळजवळ दोन तास झटापट. कव्हीने नंतर कधी हात उगारला नाही, आणि सरकारात तक्रारही केली नाही, कारण एका सोळा वर्षांच्या पोराने आपल्याला रोखलं हे बाहेर पडलं तर धंदाच बसला असता!

बाल्टिमोरला परत आल्यावर तो जहाजाच्या कामात शिकाऊ उमेदवार झाला. काम म्हणजे लाकडी जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी जुन्या दोरखंडाच्या तंतूंनी आणि डांबराने ठोकून बुजवायच्या. तिथे गोऱ्या कामगारांनी चौघांनी मिळून त्याला इतकं मारलं, की डोळा जायचा राहिला. आजूबाजूला पन्नासेक माणसं बघत होती. मालक ह्यू ऑल्ड चिडून त्याला दंडाधिकाऱ्याकडे घेऊन गेला (माल त्याचा होता ना!). दंडाधिकारी म्हणाला, गोरा साक्षीदार आणा. काळ्या माणसाची गोऱ्याविरुद्धची साक्ष तिथल्या कायद्यात चालतच नव्हती. तोंड रक्ताने भरलेला माणूस समोर उभा, पण त्याचं बोलणं पुरावा नाही. गोरा साक्षीदार अर्थातच कोणी आला नाही आणि विषय मिटला.

पुढे तो त्या कामात पटाईत झाला. आठवड्याला सहा ते नऊ डॉलर कमवायचा आणि शनिवारी सगळे ऑल्डच्या हातावर ठेवायचे. ३ सप्टेंबर १८३८ ला तो पळाला.

कसा पळाला? १८४५ च्या पुस्तकात तो सांगतच नाही! मी पानं उलटी-सुलटी करून पाहिली, वाटलं झेरॉक्सवाल्याने पान खाल्लं. पण नाही. तो स्पष्ट लिहितो, की मी सांगितलं तर मालक सावध होतील आणि माझ्या मागून येणाऱ्याची वाट बंद होईल. सिनेमावाल्याने जो सीन पहिल्यांदा घेतला असता तोच त्याने कापून टाकला. पुढे १८४९ मध्ये हेन्री ब्राउन नावाचा गुलाम लाकडी खोक्यात स्वतःला पार्सल करून रिचमंडहून फिलाडेल्फियाला पोचला आणि त्याचा गाजावाजा झाला, तेव्हा डग्लसला ते आवडलं नाही. बोभाटा झाला नसता तर आणखी कितीजण खोक्यातून आले असते, असं त्याचं म्हणणं.

स्वतःची हकिकत त्याने सांगितली ती १८८१ मध्ये, तिसऱ्या आत्मचरित्रात, गुलामगिरी संपून सोळा वर्षं झाल्यावर. खलाशाचा वेष, एका मित्राची खलाशी असल्याची उसनी कागदपत्रं. कागदावरचं वर्णन त्याच्याशी अजिबात जुळत नव्हतं. बाल्टिमोरहून सुटती गाडी ऐन वेळी पकडली. कंडक्टरने कागद मागितला, वरचा गरुडाचा सरकारी छाप पाहिला आणि पुढे गेला. मग नदीवर होडी, पुन्हा रेल्वे, मग आगबोट, आणि चोवीस तासांच्या आत न्यूयॉर्क. ॲना मरे ही बाल्टिमोरची स्वतंत्र काळी मुलगी, लोकांच्या घरी काम करणारी. तिने पैशांची मदत केली होती. ती मागोमाग आली आणि त्यांनी लग्न केलं. न्यू बेडफर्डला बिऱ्हाड थाटलं, बेलीचा डग्लस झाला. तिथे आपल्या कामात तो दिवसाला दोन डॉलर मिळवू शकला असता, पण गोरे कारागीर त्याच्या बरोबर काम करायला तयार नव्हते. मग मिळेल ती हमाली, एक डॉलर रोज.

ऑगस्ट १८४१ मध्ये नँटकेट बेटावरच्या गुलामगिरीविरोधी सभेत त्याला बोलायला उभं केलं. आणि असं बोलला, की विल्यम लॉइड गॅरिसनच्या संघटनेने त्याला पगारी वक्ता करून टाकलं. गावोगाव भाषणं सुरू झाली. आणि इथे एक अजब अडचण आली. तो फार चांगला बोलायचा! लोक म्हणायला लागले, हा गुलाम असूच शकत नाही. गुलाम असा बोलतो का? संघटनेतले गोरे मित्र सल्ला द्यायचे, की तू फक्त काय घडलं ते सांग, विचार आम्ही मांडतो. आणि भाषेत जरा मळ्यावरचा वास राहू दे.

हे वाचताना मला माझी एक गोष्ट आठवली. डिप्लोमाला असताना (या कॉलेजात नाही बरं का) मी एक प्रोजेक्ट रिपोर्ट रात्री जागून स्वतः लिहिला होता, इंग्रजीत. मी दहावीपर्यंत जिल्हा परिषद आणि मग तालुक्याची मराठी शाळा. सरांनी दोन पानं वाचली आणि सगळ्यांसमोर विचारलं, कुठून उतरवलास? मी गप्प राहिलो. ज्यांनी खरंच उतरवला होता ते पास झाले, मला रीसबमिशन. दुसऱ्यांदा मी मुद्दाम चार चुका घालून लिहिला. तो लगेच चालला. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. डग्लसच्या हालांपुढे ही काहीच नाही, मला कळतं. पण त्याला दिलेला तो सल्ला वाचून माझे कान गरम झाले, कारण मी तो सल्ला ऐकला होता आणि त्याने ऐकला नाही.

त्याने काय केलं, तर सगळं लिहून काढलं. मालकाचं नाव, मुकादमाचं नाव, परगणा, गाव, कुणी कुणाला गोळी घातली, कुणाच्या पाठीवर किती फटके. मे १८४५ मध्ये बोस्टनला पुस्तक निघालं, किंमत पन्नास सेंट. सुरुवातीला गॅरिसनची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्स या दुसऱ्या गोऱ्या नेत्याचं पत्र, की हा माणूस खरा आहे. आपल्या मोठ्या भावंडांना ॲडमिशनच्या वेळी मार्कशीटच्या ट्रू कॉपीवर राजपत्रित अधिकाऱ्याचा सही-शिक्का लागायचा ना, अगदी तसंच. गुलामांच्या बहुतेक आत्मचरित्रांना हा गोऱ्या माणसाचा शिक्का लागायचाच. हॅरिएट जेकब्ज नावाच्या बाईचं पुस्तक १८६१ मध्ये टोपणनावाने निघालं. मालकापासून सुटण्यासाठी ती आजीच्या घराच्या माळ्यावर, नीट उभंही राहता येणार नाही अशा पोकळीत, जवळजवळ सात वर्षं लपली होती. शिक्का असूनसुद्धा कित्येक अभ्यासक ते कादंबरीच समजत राहिले. ते तिनेच लिहिलं हे कागदपत्रांनी पक्कं व्हायला १९८० चं दशक उजाडलं!

डग्लसच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र नावापुढे एक ओळ होती, की हे त्याने स्वतः लिहिलं आहे. आणि नावं देण्याचा एक सरळ परिणाम होता. तो कायद्याने अजून फरारी गुलाम होता. मालकाला त्याला उत्तरेतूनही धरून नेता येत होतं. आता त्याने स्वतःच छापून सांगितलं होतं, की मी म्हणजे ऑल्ड मंडळींचा पळालेला बेली. खोटा ठरू नये म्हणून त्याने स्वतःचा पत्ता दिला, असं म्हणा. चार महिन्यांत पाच हजार प्रती खपल्या आणि ऑगस्टमध्ये त्याला जहाजात बसून ब्रिटनला निघून जावं लागलं.

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग. डेलावेअरमधल्या एका वर्तमानपत्रात थॉम्पसन नावाच्या गोऱ्या गृहस्थाने खरमरीत पत्र लिहिलं, की पुस्तक धादांत खोटं आहे. मी त्याच भागात राहिलोय, कव्हीला ओळखतो, ऑल्डला ओळखतो, सगळी सज्जन माणसं. आणि त्या फ्रेडरिक बेलीलाही ओळखत होतो, तो अगदी सामान्य, अडाणी पोरगा, त्याला पुस्तक लिहिणं शक्यच नाही! डग्लस तेव्हा ब्रिटन-आयर्लंडमध्ये होता. त्याने उत्तरात थॉम्पसनचे मनापासून आभार मानले. मी गुलाम नव्हतोच असं म्हणणाऱ्यांची तोंडं तुम्ही बंद केलीत, माणसं खरी, गावं खरी, मीही खरा, हे तुम्हीच सिद्ध केलंत. आणि डब्लिनला निघालेल्या पुढच्या आवृत्तीत त्याने थॉम्पसनचं पत्र आणि आपलं उत्तर, दोन्ही छापून टाकलं. न्यायालयात जो गोरा साक्षीदार मिळाला नव्हता, तो असा फुकटात मिळाला.

इंग्लंडमधल्या मित्रांनी दीडशे पौंड जमवून डिसेंबर १८४६ मध्ये त्याला ह्यू ऑल्डकडून विकत घेतलं आणि मोकळं केलं. यावर त्याच्याच चळवळीतले लोक रागावले, की पैसे दिले म्हणजे मालकी मान्य केली. तत्त्व म्हणून त्यांचं बरोबर असेल. पण ते म्हणणाऱ्यांपैकी कुणाला रात्री दार वाजल्यावर दचकायला होत नव्हतं, असं मला वाटतं.

पुढची पन्नास वर्षं पळवतो, नाहीतर संपादक पानं कापतील. १८४७ मध्ये रॉचेस्टर गावी त्याने स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. स्त्रियांच्या हक्कांसाठी १८४८ मध्ये सेनेका फॉल्सला भरलेल्या सभेत मताच्या अधिकाराच्या बाजूने तो उभा राहिला. गॅरिसनशी बिनसलं, १८५५ मध्ये दुसरं आत्मचरित्र आलं, आणि या वेळी प्रस्तावना एका काळ्या डॉक्टरची होती. यादवी युद्धात काळ्या सैनिकांची भरती केली, दोन मुलगे पाठवले, लिंकनला भेटून त्यांच्या पगारातला फरक मांडला. नंतर मोठी सरकारी पदं, हैतीमध्ये अमेरिकेचा राजदूत. २० फेब्रुवारी १८९५ ला स्त्रियांच्या एका परिषदेहून घरी आला आणि संध्याकाळी गेला.

मधली एक भेट मात्र राहते. १८७७ मध्ये तो सेंट मायकल्सला, थॉमस ऑल्डला भेटायला गेला. ह्यूचा भाऊ, त्याचा कायदेशीर मालक. त्यानेच त्याला कव्हीकडे धाडलं होतं. पुस्तकात त्याची लक्तरं काढलेली होती. आता म्हातारा अंथरुणाला खिळलेला, हात थरथरणारे, डोळ्यांत पाणी. डग्लसचाही कंठ दाटला. पुस्तकात त्याने ऑल्डवर ठपका ठेवला होता, की माझ्या म्हाताऱ्या आजीला एकटीला मरायला सोडलं. आजी ऑल्डच्या मालकीची नव्हतीच, हे त्याला पुढे कळलं होतं. त्याने समोर बसून ही चूक कबूल केली. कव्हीबद्दलचं, फटक्यांबद्दलचं काही मागे घेतलं नाही.

आणि मग ज्या प्रश्नाने पुस्तक सुरू केलं होतं तो त्याने विचारला, की माझा जन्म कधीचा? तो स्वतः १८१७ धरून चालला होता. म्हातारा म्हणाला, फेब्रुवारी १८१८.

ते बरोबर होतं. त्याच्या पहिल्या मालकाची, ॲरन अँथनीची, हिशेबाची वही नंतर अभ्यासकांना सापडली. त्यात गुलामांच्या यादीत एक ओळ आहे : फ्रेडरिक ऑगस्टस, हॅरिएटचा मुलगा, फेब्रुवारी १८१८. तारीख नाही, बापाचं नाव नाही. डग्लसने ती वही कधी पाहिली नाही.